श्री. आनंद पटवर्धन यांचे अनुबोधपट

चित्रपट म्हटला कीं आमच्या घरांत अजूनहि नटनट्यांचींच नांवें निघतात. गेल्या उन्हाळ्यांत सुटीसाठीं भोकरास आलेल्या नातवानें आम्हांस श्री. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (सन २०११) हा अनुबोधपट दाखविला. लांबी तीन तासांहून अधिक. म्हातारा एवढा वेळ बसणार कसा, अशी सूनबाईस शंका होती. आम्हीं तो एका बैठकींत पाहिला. चहाहि तसाच निवून गेला.

पटवर्धनांचें घराणें वाचकांस अपरिचित नाहीं. सन १९४२ च्या चळवळींत भूमिगत राहिलेले अच्युतराव व त्यांचे बंधु रावसाहेब हे त्यांचे काका. स्वतः आनंदराव १८ फेब्रुवारी १९५० रोजीं मुंबईस जन्मले व पुढें अमेरिकेंत समाजशास्त्र शिकले. मातोश्री निर्मलाबाई कुंभारकामांत निष्णात होत्या व त्यावर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथहि लिहिला. सुशिक्षित घरांतील बाईनें मातींत हात घालावे, हें आम्हांस विशेष वाटतें.

'हमारा शहर' (१९८५) मध्यें त्यांनीं मुंबईच्या झोपडीवासीयांस स्वतःच्या तोंडानें बोलूं दिलें. 'राम के नाम' (१९९२) अयोध्येच्या वादावरील. दोहोंस राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अणुबाँबविरोधी 'जंग और अमन' (२००२) ची कथा मौजेची आहे. परिनिरीक्षण मंडळानें एकवीस ठिकाणीं कात्री लावावयास सांगितलें. पटवर्धन उच्च न्यायालयांत गेले आणि सन २००३ मध्यें चित्रपट अखंड सुटला. पुढें त्यासहि राष्ट्रीय पुरस्कार! त्यांचीं सर्वच मतें आम्हांस पटतात असें नाहीं; परंतु ज्यांस विरोध करावयाचा त्यांचेंहि म्हणणें ते पडद्यावर येऊं देतात.

११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई नगरांत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. दहा माणसें मेलीं. त्या दुःखानें लोकशाहीर विलास घोगरे यांनीं आत्महत्या केली. ह्याच घोगऱ्यांचें गाणें 'हमारा शहर' मध्यें होतें. पटवर्धनांनीं तेव्हांपासून चौदा वर्षें चित्रण करून 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला.

तो पाहतांना आम्हांस सन १९७८ आठवलें. विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्याच जिल्ह्यांत दलितांचीं घरें जाळलीं गेलीं. आम्ही तेव्हां विशीच्या आंत होतों. ओसरीवर पावसाच्या, मुगाच्या गोष्टी चालल्या. त्या घरांचें नांव कोणीं काढलें नाहीं. आम्हींहि नाहीं.

"आजोबा, तेव्हां तुम्ही कुठें होतां?" नातवानें विचारलें.

"घरींच होतों," आम्ही म्हणालों.

पटवर्धनांनीं सन २०२३ मध्यें आईवडिलांविषयीं जो चित्रपट केला, त्याचें नांव 'वसुधैव कुटुंबकम्'. हितोपदेशांतील हें वचन आम्हीं पुष्कळ वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. अर्थ लिहावयास सांगून गुणहि दिले. तो चित्रपट अद्याप पाहिला नाहीं. दिवाळींत नातू येईल तेव्हां घरांतील सर्वांनीं मिळून पाहावयाचें ठरलें आहे.