श्वासाचा शिरस्ता

लालबागच्या ज्या चाळीत मी लहानाचा मोठा झालो, त्या चाळीत दिवसाची विभागणी गिरणीच्या भोंग्याने होत असे. पहाटेचा भोंगा झाला की दिवसपाळीची माणसे डबे घेऊन जिना उतरत, आणि रातपाळीची माणसे, डोळे तांबारलेले आणि केसांत कापसाचे तंतू अडकलेले अशी, तोच जिना चढत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते भोंगे एकेक करून मुके झाले, गिरण्यांच्या आवारात मनोरे उभे राहिले, परंतु पहाटे उठण्याचा जो शिरस्ता साचेखात्यात राबणाऱ्या माझ्या वडिलांच्या अंगी होता, तो माझ्या अंगी उतरला तो कायमचा. आता भोंग्याच्या जागी नळ आहे. पाणी पाच वाजून वीस मिनिटांनी येते. त्याआधी, पावणेपाचच्या सुमारास, मी खोलीच्या कोपऱ्यात सतरंजी अंथरतो, पाठ ताठ ठेवतो, डोळे मिटतो आणि नाकपुड्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देत बसतो. गेली अकरा वर्षे हा क्रम अखंड चालू आहे.

या क्रमाकडे मी वैराग्याच्या वाटेने आलो नाही. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एका सकाळी डोके जड झाले म्हणून दाखवायला गेलो, तो रक्तदाब वरचा 170 आणि खालचा 110 निघाला. वयोवृद्ध डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठी हाती देताना विचारले, “रोज अर्धा तास नुसते बसता येईल का तुम्हांला?” दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसे, तेव्हा नुसते बसायला जागा आणि शांतता कोठून आणू, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “अहो, जागेचे राहू द्या. हे करून पाहिले ते हिमालयात नाही, आपल्या परळातच.”

परळात करून पाहिले ते काय, हे समजून घेण्यासाठी मला पुढे बरेच वाचावे लागले, आणि जे हाती आले ते प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. 1926 साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या 47 रुग्णांवर एक प्रयोग केला, आणि त्याचा वृत्तांत 1969 साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहलेखकांत लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे डॉ. विणेकर हेही होते. रुग्णाला उताणे निजवावयाचे, पाय किंचित फाकलेले, हात अंगापासून थोडे दूर, डोळे मिटलेले. श्वास पोटाने संथपणे घ्यावयाचा, आत घेतल्यावर क्षणभर आणि बाहेर सोडल्यावर त्याहून थोडे अधिक थांबावयाचे. आणि ही लय अंगवळणी पडली की चित्त नाकपुड्यांपाशी आणून, आत येणारी हवा गार लागते आणि बाहेर जाणारी उबदार लागते, एवढेच जाणत राहावयाचे. रोज अर्धा तास. प्रयोगाला नाव शवासनाचे दिले होते. पण शवासन ही निजण्याची रीत झाली, आणि तो शेवटचा भाग, श्वासाचा गारवा व ऊब निरखण्याचा, तो माझ्या मते सरळसरळ ध्यानच होय.

या 47 जणांचे तीन गट होते. पहिल्या गटातील 10 जणांना रक्तदाबाचे औषध नव्हते; त्यांचा मध्यम दाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला दाब, सरासरीने 134 होता तो 107 वर आला. दुसऱ्या गटातील 22 जणांचा दाब औषधांनी काबूत होता. त्यांपैकी 13 जणांची औषधाची गरज मूळच्या सुमारे एक तृतीयांशावर आली. तिसऱ्या गटातील 15 जणांचा दाब औषध घेऊनही नीट आटोक्यात नव्हता. त्यांपैकी 6 जणांना असाच लाभ झाला आणि उरलेल्या 9 जणांना झाला नाही. हा शेवटचा आकडा मला पहिल्या दोहोंइतकाच मोलाचा वाटतो. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद जो वैद्य सचोटीने करतो, त्याने नोंदवलेल्या गुणावर सामान्य माणसाने विश्वास ठेवावा. 47 ही संख्या लहान होती हे खरे. परंतु पुढे डॉ. चंद्रा पटेल यांनी इंग्लंडमध्ये हाच धागा उचलला, आणि 1975 साली 34 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून, एका गटाला हे शिक्षण देऊन व दुसऱ्याला न देता, तुलना केली. शिकलेल्यांचा रक्तदाब अधिक उतरला.

असे का व्हावे? आपल्या देहात आपल्या हुकमाची वाट न पाहता चालणारा एक मोठा कारभार आहे. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, अन्नाचे पचन, घाम, या सर्वांवर मज्जातंतूंच्या दोन शाखांचा अंमल असतो: एक संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी, दुसरी संकट टळल्यावर त्याला पूर्वपदावर आणणारी. पहिली जागी झाली की ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तात साखर सुटते. पळणे किंवा झुंजणे यासाठी ही सारी तजवीज योग्यच आहे. पण परळ-लालबागच्या माणसाचे संकट पळून किंवा झुंजून टळणारे नसते. चुकलेली लोकल, साहेबाचा चढलेला आवाज, चाळीच्या पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याचा तगादा, मुलाच्या फीची मुदत, अशा दहा कारणांनी ही सज्जता दिवसभर कायम राहते, आणि जी व्यवस्था निसर्गाने घटकाभरासाठी केली ती वर्षानुवर्षे चालू राहिली म्हणजे रक्तवाहिन्यांना तिचा भार सोसत नाही.

या कारभारात आपला हात पोहोचतो अशी एक जागा आहे, ती म्हणजे श्वास; कारण श्वास आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालतो. वाचकाने हे वाचता वाचताच मनगटावर तीन बोटे ठेवून पाहावे: श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, आणि लांब उच्छ्वास सोडताना ती मंदावते, तरुण माणसाच्या नाडीत हा फरक विशेष स्पष्ट असतो. मेंदूपासून निघून मानेतून छातीत व पोटात उतरणारा एक मोठा मज्जातंतू हृदयाला आवर घालतो, आणि उच्छ्वासाच्या वेळी त्याचा प्रभाव वाढतो. श्वास संथ व उच्छ्वास दीर्घ होत गेला की शांतवणाऱ्या शाखेला दर मिनिटाला अधिक अवसर मिळतो. एका बैठकीत उतरलेला दाब घटकाभराने पुन्हा चढेल. रोजच्या बैठकीने मात्र शरीराला त्या शांत अवस्थेची सवय जडते, आणि म्हणूनच सारा भर नेमावर आहे.

योगाभ्यासाला असे मोजमापाच्या कसोटीस लावण्याचा उद्योग दात्यांच्याही पूर्वीचा आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1920-21 च्या सुमारास बडोद्यात नौली आणि उड्डियान या क्रिया चालू असताना पोटात काय घडते हे क्ष-किरणांनी व दाबमापकाने पाहिले. पुढे 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. त्यांच्या संस्थेचे मुंबईतील केंद्र चर्नी रोड स्थानकाजवळ, समुद्राकडे तोंड करून उभे आहे. गिरगाव चौपाटीवर भेळ खायला जाणाऱ्या कुटुंबांपैकी कितीतरी त्यावरून नित्य जातात. त्यांनी एकदा आत डोकावावे.

आणि 1969 सालाचा आणखी एक योग. दात्यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, 3 जुलैपासून 13 जुलैपर्यंत, याच मुंबईत पंचायतवाडीच्या धर्मशाळेत सत्यनारायण गोएंका यांनी भारतातील आपले पहिले विपश्यना शिबिर घेतले. बसणारे होते 14 जण, आणि त्यांत त्यांचे स्वतःचे आईवडील होते. गोएंका मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने इतके गांजलेले की वेदनेसाठी त्यांना मॉर्फिनची सुई घ्यावी लागे, आणि परदेशच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. शेवटी ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू कोण, तर ब्रह्मदेशाच्या सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख, अकाउंटंट जनरल. दिवसा दफ्तर सांभाळणारे आणि उरल्या वेळात ध्यान शिकवणारे. डोकेदुखी घालवण्यासाठी आलो आहे, असे गोएंकांनी सांगताच त्यांनी शिकवण्यास नकार दिला. चित्तशुद्धीसाठी येणार असशील तर ये, दुखणे गेले तर तो त्याचा अनुषंगिक लाभ समज, असा त्यांचा आशय होता. 1955 साली गोएंका बसले, आणि दुखणे गेले. मुंबईच्या त्या 14 जणांपासून सुरू झालेले काम इगतपुरीच्या धम्मगिरीपर्यंत आणि गोराईच्या पॅगोड्यापर्यंत वाढले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे.

ऊ बा खिन यांच्या त्या नकाराचा अर्थ मला बसून बसूनच उमगला. मी बसू लागलो तो रक्तदाबासाठी, आणि पहिले काही महिने प्रत्येक बैठकीनंतर दाब उतरला असेल की नाही याचीच चिंता करीत उठलो. श्वासावर लक्ष ठेवावयाचे म्हटले की दहावा श्वास येण्यापूर्वी मन वीजबिलाकडे जाई, तेथून भावाशी झालेल्या खोलीच्या वाटणीच्या तंट्याकडे, तेथून त्या तंट्यात आपण काय बोलायला हवे होते याकडे. आणि डोळे मिटून, अंग न हलवता, माझे जबडे आवळले गेलेले असत. हे माझ्या ध्यानात आले त्या सकाळी मी फार हेलावलो. तंटा होऊन सहा वर्षे लोटली होती, भाऊ गावी निघून गेला होता, आणि माझे जबडे मात्र रोज पहाटे त्याच्याशी भांडत होते. त्या दिवसापासून मी मनाला ओढून आणणे सोडले. ते गेले हे कळले की श्वासाकडे परतावयाचे, पुन्हा गेले तर पुन्हा परतावयाचे. पुढे केव्हातरी ते जबडे सैल झाले. त्या वर्षीच्या गणपतीत मी भावाला पत्र लिहिले.

मनाच्या या घिरट्या सर्वत्र सारख्याच. तीन किंवा अधिक वेळा नैराश्याच्या गर्तेत जाऊन बाहेर आलेल्या रुग्णांना अशा सावध निरीक्षणाचे शिक्षण दिले, तेव्हा पुन्हा खचणाऱ्यांचे प्रमाण 66 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आले, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. 2014 साली अमेरिकेतील संशोधकांनी 47 चाचण्या आणि 3,515 माणसे यांचा एकत्र विचार करून सांगितले, की चिंता, खिन्नता व वेदना यांवर ध्यानाचा माफक पण खरा उपयोग होतो. औषध, व्यायाम यांसारख्या इतर उपायांपेक्षा ते सरस ठरते असा दाखला मात्र मिळाला नाही. हा निर्णय मला न्याय्य वाटतो. ध्यानाने सर्व रोग बरे होतात असे सांगणारा माणूस ध्यानाचा मित्र नव्हे. गिरगावात खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, विड्यांचे दुकान चालवून संसार करणारे निसर्गदत्त महाराज पोटमाळ्यावर बसून देशोदेशीच्या माणसांशी मराठीतून बोलत. ‘मी आहे’ या जाणिवेवर स्थिर राहण्याची गुरूंची आज्ञा त्यांनी किती निष्ठेने पाळली हे जगजाहीर आहे. 1981 साली त्यांना घशाच्या कर्करोगाने नेले. ज्यांनी त्यांना शेवटच्या दिवसांत पाहिले, त्यांनी रोग पाहिला आणि त्या रोगातही अविचल असलेला माणूस पाहिला. ध्यानाकडे काय मागावे आणि काय मागू नये याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

म्हणून ज्याला सुरुवात करावयाची आहे त्याला एवढेच सांगतो: रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती कमी करण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, ज्यांच्या मनाचा तोल पूर्वी कधी गंभीरपणे ढळला असेल त्यांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय दीर्घ शिबिराला बसू नये, आणि शांततेची वाट पाहू नका. माझ्या बैठकीत शेजारचा कुकर शिट्ट्या देतो, खालून दूधवाल्याच्या किटल्या वाजतात, परळच्या पुलावरून पहिली बस घरघरत जाते. कानाने ऐकावे, आणि नाकपुडीपाशी परतावे. वेळ आणि जागा ठरलेली असली की शरीर आपणहून येऊन बसते.

रक्तदाबाचे आकडे मी वडिलांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत दर रविवारी लिहून ठेवतो. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी दोन गोळ्यांपैकी एक अर्धी केली, पाचव्या वर्षी ती बंद केली. दुसरी अजून चालू आहे आणि ती राहील.

गेल्या वर्षापासून बैठकीला एक सोबत आली आहे. शेजारच्या खोलीतील नववीतली मुलगी. राज्य शासनाच्या ‘मित्र’ उपक्रमात शाळेत दहा मिनिटांचे आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देत बसणे, शिकलेली. परीक्षेच्या दिवसांत झोप लागेना म्हणून एका पहाटे दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काका, मी पण बसू?” मी सतरंजी थोडी सरकवली. ती दहा मिनिटे बसते, मग भिंतीला टेकून इतिहासाचे पुस्तक उघडते. मी माझा अर्धा तास पुरा करतो. नळाला पहिला फुरफुर आवाज आला की ती पुस्तक मिटते, मी सतरंजी गुंडाळतो, आणि दोघेही आपापले हंडे उचलून मोरीकडे निघतो.