पाइप नवा, वास जुनाच

अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांतले प्रवासी ट्रेलर विकत घेऊन त्यांना पूर्वीचे रूप देण्याचा छंद आता चांगलाच रुजला आहे. एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आरशासारखा घासला जातो, शास्टा कंपनीच्या ट्रेलरच्या मागच्या बाजूचे पंख पुन्हा रंगवले जातात, गाद्यांचे कापड त्या काळच्या नमुन्यांतून शोधून आणले जाते. या सगळ्यात सांडपाण्याच्या नळकामाची पाळी शेवटी येते आणि ते उरकलेही पटकन जाते. गंजलेला गॅल्व्हनाइज्ड पाइप कापायचा, काळा किंवा पांढरा प्लास्टिकचा पाइप बसवायचा, खाली एक टाकी टांगायची, संपले. मग पहिल्याच सहलीत आत वास भरतो, शॉवरच्या तळाशी साबणाचे पाणी वर येते, किंवा महामार्गावर ट्रेलर मागे डोलू लागतो, आणि मालक पुन्हा पाइपच तपासत बसतो. या कामाबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: सांडपाणी म्हणजे पाइपचा प्रश्न. पाइप हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरी अडचण वजनाची, उंचीची आणि हवेची असते, आणि या तिन्ही गोष्टी मूळ ट्रेलर बांधताना हिशेबात धरलेल्याच नव्हत्या.

हिशेबात का नव्हत्या, हे समजून घेतले तर पहिला गैरसमज आपोआप सुटतो. ‘मूळ ट्रेलरला टाकी नव्हती, तेव्हा ती आताही नको, साबणाचे पाणी जमिनीवर सोडले तर काय बिघडते?’ असे अनेक हौशी मंडळी म्हणतात. पहिला अर्धा भाग खरा आहे. त्या काळच्या छोट्या ट्रेलरमध्ये सिंकचा पाइप जमिनीतून थेट खाली जाई आणि बाहेर बादली किंवा रबरी नळी लागे. एअरस्ट्रीमच्या मोठ्या ट्रेलरांतही सत्तरचे दशक उजाडेपर्यंत संडासासाठी टाकी असे, पण सिंक आणि शॉवरच्या पाण्यासाठी वेगळी टाकी नसे. दुसरा अर्धा भाग मात्र टिकत नाही. स्वयंपाकघरातल्या पाण्यात तेल, तूप, अन्नाचे कण असतात. ते उबेत एक-दोन दिवस राहिले की त्याचा वास संडासाच्या पाण्याला मागे टाकतो, आणि जमिनीवर सांडले की माश्या आणि जंगली प्राणी गोळा होतात. घरगुती सांडपाणी बागेला वापरण्याबाबत उदार असलेल्या ॲरिझोना राज्यानेही ती सवलत देताना स्वयंपाकघराच्या सिंकचे पाणी वगळले होते. अमेरिकेच्या नॅशनल पार्कांत तर ट्रेलरमधली घाण ठरवून दिलेल्या जागेशिवाय कुठेही सोडायला मनाई आहे. तरीही टाकी प्रत्येकाने बसवलीच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. चार-पाच मीटरच्या, एकच सिंक असलेल्या ट्रेलरला बाहेर ठेवायची चाकांची टाकी पुरते. ती भरली की ओढत डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या ठरलेल्या जागी न्यायची. मूळ बांधणीला हात लागत नाही आणि पुढे येणाऱ्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. शॉवर आणि संडास आत असेल, तरच कायमची टाकी विचारात घ्यावी.

आणि ती घेतली की ‘जेवढी मोठी तेवढी बरी’ या समजुतीशी गाठ पडते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे शाळेत शिकलेले असते; पण ट्रेलरच्या बाबतीत ते वजन किती आहे यापेक्षा कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचे. ट्रेलरची पुढची दांडी ओढणाऱ्या गाडीच्या हिचवर जो भार टाकते, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतला सर्वमान्य नियम आहे. तो त्याखाली गेला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागण्याचा धोका वाढतो. आता ९०० किलोचा एक लहान ट्रेलर घ्या. हिच एक्सलच्या ३ मीटर पुढे आहे आणि तिच्यावर १०८ किलो भार आहे, म्हणजे १२ टक्के. पिण्याच्या पाण्याची ७५ लिटरची टाकी एक्सलच्या १ मीटर पुढे आहे. ती भरली की एकूण वजन ९७५ किलो होते, हिचवर २५ किलो वाढतात आणि प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जाते. सगळे ठीक. मालकाने सांडपाण्याची तेवढीच टाकी मागच्या बंपरजवळ, एक्सलच्या दीड मीटर मागे टांगली आहे, कारण तिथे जागा मोकळी होती. दोन दिवसांच्या मुक्कामात पुढचे पाणी वापरले जाते आणि मागच्या टाकीत जमा होते. ट्रेलरचे वजन तेच ९७५ किलो; पण आता हिचवरचा भार साडेसदतीस किलोंनी घटून सुमारे ७० किलो उरतो, म्हणजे सव्वासात टक्के. येताना सरळ आलेला ट्रेलर जाताना डोलतो आणि मालक टायरची हवा तपासतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की प्रवास नेहमी रिकाम्या टाकीनेच करावा, म्हणजे हा हिशेब लागूच होत नाही. सल्ला चांगला आहे, पण टाकी बसवण्यामागचा उद्देशच तो विसरतो. जिथे नळाची आणि गटाराची जोडणी आहे अशा कॅम्पग्राउंडवर टाकीची गरज जवळजवळ नसते. टाकी लागते ती जंगलात, वाळवंटात, जोडणी नसलेल्या जागी; आणि तिथून जवळच्या डंप स्टेशनपर्यंतचा रस्ता भरलेल्या टाकीनेच कापावा लागतो. तीच ७५ लिटरची टाकी एक्सलच्या बरोबर वर ठेवली तर हिचवरचा भार १०८ किलोच राहतो, प्रमाण ११ टक्क्यांवर टिकते. म्हणून टाकीचा आकार नंतर, आधी एक्सलच्या जवळ चौकटीच्या आडव्या पट्ट्यांमध्ये किती जागा आहे ते पाहावे, आणि तिथे मावेल तेवढ्यावर समाधान मानावे. मागे टांगलेल्या वजनाचा ताण चौकटीलाही सोसावा लागतो. सत्तरच्या दशकातल्या, मागच्या टोकाला न्हाणीघर असलेल्या एअरस्ट्रीममध्ये प्लायवुडची जमीन गळतीने कुजून मागचा भाग चौकटीपासून सुटण्याची तक्रार पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. तिथे आणखी शंभर किलो लटकवणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

उंचीचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो, पण तो सोडवायला चिवट. पाणी उताराने वाहते; अमेरिकेतल्या घरांच्या प्लंबिंग नियमांत अडीच इंचांपर्यंतच्या पाइपला फुटाला पाव इंच, म्हणजे मीटरला सुमारे २ सेंटिमीटर उतार सांगितलेला आहे. सिंक उंच असते, त्याला उतार सहज मिळतो. शॉवरचा तळ मात्र जमिनीलगत असतो. त्याखाली ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप, मग उताराचा पाइप, मग टाकीचे तोंड, आणि टाकीच्या खाली रस्त्यापासूनचे अंतरही राखायचे. जुन्या ट्रेलरमध्ये एवढी उंची बहुधा नसतेच. शिवाय टाकी भरली की पाणी सर्वांत खालच्या भोकातून वर येते आणि ते भोक शॉवरचेच असते. पाइप जाड केल्याने यातले काहीच सुटत नाही, उलट जाड पाइप जास्त उंची खातो. शॉवरचा तळ दहा-बारा सेंटिमीटर उचलणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय.

आता हवा. ‘व्हेंट पाइप वास बाहेर जाण्यासाठी असतो, वास येत नसेल तर नको’ हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. मे महिन्यात गावाला जाऊन परत आल्यावर बंद फ्लॅटच्या बाथरूममध्ये वास का कोंडलेला असतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: नहाणी ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते. सिंकखालच्या वाकड्या पाइपचेही तेच काम, आत उभे राहिलेले पाणी टाकीतला वायू अडवते. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली इंग्लंडमध्ये आपल्या संडासासाठी एस आकाराच्या ट्रॅपचे पेटंट घेतले होते. पण ट्रॅपमधले पाणी जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर खोल असते. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीचे पाणी तोलून धरतो, म्हणजे ५ सेंटिमीटरचे पाणी हलवायला दाबात अर्ध्या टक्क्याचा फरक पुरे. भरलेले सिंक एकदम सोडले की खाली धावणारे पाणी आपल्यामागे तेवढी पोकळी सहज निर्माण करते आणि ट्रॅपमधले पाणीही ओढून नेते. ट्रॅपनंतर पाइप सरळ खाली टाकीत उतरत असेल, तर हे हमखास होते. कमिंग यांचा एस आकार आजच्या प्लंबिंग नियमांना चालत नाही तो याच कारणाने, आणि जुन्या ट्रेलरमधला जमिनीतून थेट खाली जाणारा पाइप तसाच ठेवून त्याला टाकी जोडणारा मालक नकळत नेमका तोच आकार तयार करतो. ट्रॅपपाशी हवा आत येऊ देणारा मार्ग असेल तर पोकळी होत नाही आणि पाणी जागेवर राहते. व्हेंटचे पहिले काम हे आहे. वास बाहेर नेणे दुसरे.

छताला भोक पाडायची कोणाचीच इच्छा नसते, आणि त्यात तथ्य आहे. जुन्या ट्रेलरचा सर्वांत मोठा शत्रू गळती. म्हणून सिंकखाली बसणारा एकदिशी हवेचा व्हॉल्व्ह लोकप्रिय झाला. पोकळी झाली की तो उघडतो, हवा आत घेतो, मग मिटतो. तो उपयोगी आहेच, आणि सिंकपुरता मी तो निःशंक बसवावा असे म्हणेन. पण ‘हा व्हॉल्व्ह आहे, मग छतावरच्या व्हेंटची गरज नाही’ हा तर्क फसवा आहे. टाकीत एक लिटर पाणी शिरते तेव्हा एक लिटर हवा बाहेर पडायला हवी. एकदिशी व्हॉल्व्ह ती बाहेर जाऊ देत नाही. मग ती हवा सर्वांत कमजोर ट्रॅपमधून बुडबुडे काढत खोलीत येते. उन्हात तापलेल्या टाकीतला वायू प्रसरण पावतो, तोही तिथूनच येतो. तेव्हा प्रत्येक टाकीला उघड्या आकाशापर्यंत जाणारा किमान एक मार्ग लागतो. सुदैवाने ज्या ट्रेलरमध्ये मुळात संडास होता, तिथे छतावर जुना व्हेंट असतोच. नव्या टाकीची हवा वरच्या बाजूने त्यालाच जोडता येते आणि नवे भोक टळते. शॉवरसाठी आणखी एक सोय आहे: हेपव्हो नावाचा पाण्याविना चालणारा व्हॉल्व्ह. त्यात सिलिकॉनचा पडदा असतो, पाणी आले की उघडतो, गेले की मिटतो. तो आडवा बसतो, त्यामुळे उंची वाचते. सुकण्याचा किंवा प्रवासात हिंदकळून रिकामा होण्याचा प्रश्नही नाही. जाता जाता: सगळे नीट करूनही फक्त संडास फ्लश करतानाच वास येत असेल, तर दोष नळात नसतो. छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू असतो आणि खिडक्या बंद, म्हणून तो टाकीतूनच हवा ओढतो. एक खिडकी उघडावी, नाहीतर फ्लश करण्यापूर्वी पंखा बंद करावा.

साहित्याबाबत एकच समजूत त्रास देते, की कोणताही प्लास्टिकचा पाइप कोणत्याही सॉल्व्हंट सिमेंटने चिकटतो. हे सिमेंट गोंदासारखे नुसते चिकटत नाही, ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करते. ट्रेलरमधला काळा पाइप एबीएसचा असतो, घरातला पांढरा पीव्हीसीचा. दोघांची सिमेंटे वेगळी. त्यांना जोडायचेच असेल तर धातूच्या पट्ट्यांनी आवळायचा रबरी कपलर बरा, तो धक्केही सोसतो आणि पुढे काढताही येतो. टाकी बहुधा पॉलिथिलीनची असते आणि तिच्यावर यातले कुठलेच सिमेंट धरत नाही. तिला तोंड बसवायचे तर वेल्डिंग हवे, किंवा रबरी ग्रोमेट.

वापराबद्दलच्या समजुतींत दोन फार पसरलेल्या आहेत. पहिली, गटाराची जोडणी असेल तिथे संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा. तसे केले की पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग तळाशी साचत राहतो आणि वाळून ढीग बनतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यावी, मग एकदम सोडावी. त्यानंतर शॉवरच्या टाकीतले साबणाचे पाणी सोडले की नळीही धुतली जाते. दुसरी समजूत, टाकीत बर्फाचे खडे टाकून गाडी चालवली की आतून घासून निघते. बर्फ पाण्यावर तरंगतो, घाण तळाशी असते. दोघांची भेटच होत नाही, आणि भेट होण्याआधी बर्फ वितळतो.

या सगळ्यात चूक दुरुस्त करायला सर्वांत अवघड ती टाकीच्या जागेची, कारण तोवर चौकटीला वेल्डिंग झालेले असते. ती आधीच पारखता येते आणि त्याला खर्चही नाही. टाकी विकत घेण्यापूर्वी, जिथे ती बसवायची त्या जागेच्या बरोबर वर, ट्रेलरच्या जमिनीवर तेवढ्याच लिटरचे पाण्याचे कॅन भरून ठेवावेत आणि हिचवरचा भार वजनकाट्यावर मोजावा. मग कॅन पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या जागी सरकवून पुन्हा मोजावा. दोन्ही आकडे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत बसले तर वेल्डरला बोलवावे. एकही बाहेर गेला, तर कॅन एक्सलच्या दिशेने थोडे सरकवून पुन्हा मोजावे.