उभ्या विमानात कोणाचे बिऱ्हाड?

विमान म्हटले की डोळ्यांपुढे आकाश येते. पण कोणतेही विमान रात्रंदिवस उडत नसते. ते उतरते, धावपट्टीच्या कडेला उभे राहते; कधी तासभर, कधी रात्रभर, तर कधी वर्षानुवर्षे. आणि उभ्या राहिलेल्या वस्तूत कोणीतरी राहायला येतेच, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. आमच्या शुक्रवार पेठेत चार आठवडे माग बंद राहिला तर शेडच्या तुळईवर चिमणी काड्या आणून टाकते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे थांबले, माणसे बाहेर पडली. अशा ओसाड छपरांचा ताबा मग पारवे घेतात. कोट्यवधी रुपयांच्या विमानाचेही याहून वेगळे नाही.

९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळावरून गोव्याला प्रवासी विमान सुरू झाले. तेव्हापासून तिकीट किती, वेळ कोणती, हीच चर्चा. आम्ही मात्र आज वाचकांना विमानाच्या आत शिरणाऱ्या बिनतिकिटाच्या पाहुण्यांविषयी सांगणार आहोत. विषय गमतीचा वाटेल. पण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

जागा का आवडते?

साळुंकी, चिमणी, पिंगळा हे पक्षी पोकळीत घर करणारे. जुन्या झाडाची ढोली, भिंतीतले भोक, पत्र्याखालची सांद यांना चालते. विमानात अशा जागा पुष्कळ. इंजिनाचे मोठे तोंड, शेपटाकडच्या लहान इंजिनाची हवा घेण्याची खिडकी, चाके आत घेण्याचे कप्पे, पंखांच्या मागच्या झडपांखालच्या फटी. ऊन नाही, पाऊस नाही, मांजर पोहोचत नाही. पक्ष्याला आणखी काय हवे?

घरट्यातले वाळके गवत तापलेल्या इंजिनावर पेट घेऊ शकते. बारामती, गोंदिया येथे वैमानिक शिकतात तशा छोट्या विमानांना हा धोका अधिक. म्हणून उड्डाणापूर्वी इंजिनावरचे झाकण उघडून आत पाहावे लागते. पक्ष्यांची विष्ठा धातूला आणि रंगाला खाते. उंदीर तर दात झिजवण्यासाठी सतत काहीतरी कुरतडतो, आणि विमानात मैलोन्‌मैल तारा असतात. एक उंदीर दिसला की त्याने कोणती तार कुरतडली हे तपासल्याशिवाय विमान सोडता येत नाही.

कुंभारीण आणि एक नळी

सर्वांत मोठा घात मात्र सर्वांत लहान जीवाने होऊ शकतो. आपल्या घरात भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, बटणाच्या भोकात मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी सगळ्यांनी पाहिली आहे. विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड असलेल्या बारीक नळ्या असतात. त्यांना पिटो नळी म्हणतात. पुढून येणारी हवा या नळीत शिरते आणि तिच्या दाबावरून वैमानिकाला विमानाचा वेग कळतो. कुंभारणीला हे काय ठाऊक! तिला ते बांधकामाला योग्य असे आयते भोक दिसते.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन प्रजासत्ताक या देशातून बर्गेनएअर कंपनीचे बोइंग ७५७ विमान निघाले. ते आधी काही दिवस जमिनीवर उभे होते आणि पिटो नळ्यांना टोप्या घातलेल्या नव्हत्या. एक नळी बंद झालेली होती. विमान वर चढू लागले तसा कॅप्टनचा काटा वेग वाढल्याचे खोटेच दाखवू लागला. त्यावर विसंबून स्वयंचलित यंत्रणेने विमानाचे नाक आणखी वर केले. खरा वेग मात्र घटत होता. काही मिनिटांत विमान समुद्रात कोसळले. आतली सर्व १८९ माणसे गेली. नळ्या समुद्रातून हाती लागल्या नाहीत. पण कुंभारणीच्या मातीनेच नळी बुजली असावी, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता.

यासाठी फार दिवसही लागत नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर एतिहाद कंपनीचे विमान जेमतेम दोन तास उभे होते. तेवढ्यात नळीत माती भरली गेली. विमान उडाले, वेग नीट दिसेना, म्हणून परत उतरवावे लागले. पुढे तेथील अभ्यासकांनी नळ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती विमानतळावर लावून ३९ महिने पाहणी केली. त्यात ९३ वेळा माशांनी नळी पूर्ण बुजवलेली आढळली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोरोनामुळे जगभरची हजारो विमाने उभी होती. ती पुन्हा उडू लागली तेव्हा वेग चुकीचा दाखवण्याचे प्रकार वाढले आणि युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेला इशारा द्यावा लागला.

आपल्याकडचे प्रसंग

हे परदेशातलेच म्हणून सोडून देऊ नये. ३० डिसेंबर २०१५ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान इराणपर्यंत जाऊन मुंबईला परतले. कारण, आत उंदीर दिसल्याचे सांगण्यात आले. उंदीर हाती लागला नव्हता, तरी वैमानिकाने धोका पत्करला नाही. २८ फेब्रुवारी २०२० रोजी अहमदाबादहून जयपूरला निघालेल्या गोएअरच्या विमानात कबुतर शिरले आणि डोक्यावरून फडफडू लागले. २७ मे २०२१ रोजी दिल्लीहून अमेरिकेला निघालेले विमान वटवाघळामुळे माघारी आले. जुलै २०२२ मध्ये बहरीनहून कोचीला येणाऱ्या विमानात तर वैमानिकांच्या कक्षातच जिवंत पाखरू सापडले. त्याच वर्षी डिसेंबरात केरळातल्या कालिकतहून दुबईला पोहोचलेल्या विमानाच्या सामानकक्षात साप निघाला. आणि २१ सप्टेंबर २०२५ रोजी कानपूरला एका उंदरापायी प्रवासी तासन्‌तास खोळंबले.

या सर्व प्रसंगांत माणसे सुखरूप राहिली. कारण कोणीतरी पाहिले, सांगितले आणि वरिष्ठांनी ते ऐकले.

टोपी कोण घालतो?

आमच्या मते या विषयाचे खरे मर्म येथे आहे. पिटो नळीची टोपी म्हणजे लाल फीत लोंबणारी साधी पिशवी. इंजिनाच्या तोंडाला झाकण, फटींना चिकटपट्टी, चाकांच्या कप्प्यात बॅटरी मारून पाहणे, सांडलेला खाऊ झाडून काढणे, ही कामे हाताची आहेत. टोपी घालायची आठवण ठेवावी लागते, तशी काढायचीही. १८ जुलै २०१८ रोजी ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचे विमान टोप्या न काढताच उडाले. वैमानिकांनी ते कसेबसे सुखरूप उतरवले.

म्हणजे शेकडो प्रवाशांचा जीव जसा वैमानिकाच्या हाती, तसाच तंत्रज्ञाच्या, हमालाच्या आणि झाडू मारणाऱ्या भगिनीच्याही हाती. विमानतळांवर यातली कितीतरी माणसे कंत्राटावर राबतात. गाडी लवकर सोडायची घाई वरून, पगार कमी, आणि चूक झाली तर पहिले बोट त्यांच्याकडे. उंदीर पाहिला असे सांगणाऱ्या सफाई कामगाराला गप्प बसवले, तर तो उंदीर विमानातून जात नाही.

कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबवली, मुंबईत विमाने उभी राहिली आणि कामगारांचे पगार थकले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तिची ५४ विमाने अडकली. विमानांची देखभाल तरी व्हावी, म्हणून ती भाड्याने देणाऱ्या मालकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर एका खाजगी कंपनीचे बोइंग ७२० विमान १९९१ साली उतरले ते तब्बल २४ वर्षे तेथेच पडून होते. २०१५ मध्ये ते धावपट्टीजवळून हलवले गेले. गिरणी असो की विमान, देखभाल करणारा माणूस घरी बसवला की यंत्र पाखरांचे आणि गंजाचे होते.

आपल्या घरी, आपल्या वस्तीत

आता आपल्यापुरते. विमान नियम १९३७ मध्ये विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या आत उघड्यावर घाण-कचरा टाकण्यास मनाई केलेली आहे, कारण कचऱ्यावर घारी, कावळे, उंदीर, कुत्री जमतात. सोलापूर शहराचा मोठा भाग या घेऱ्यात येतो. तेव्हा कचरा कुंडीतच टाकावा, हे आपले काम. आणि कुंडी वेळेवर उचलणे, हे पालिकेचे काम. कुंडी भरून वाहत असेल तर वस्तीला नावे ठेवणाऱ्यांना हा नियम दाखवावा आणि पाचपन्नास सह्यांचा अर्ज विभागीय कार्यालयात नेऊन पोच घ्यावी.

रिक्षा, टेंपो चालवणाऱ्या बांधवांनी गाडी आठ-दहा दिवस उभी राहिल्यास सुरू करण्याआधी इंजिनाकडे एक नजर टाकावी, तारा पाहाव्यात, सायलेन्सरच्या तोंडात माती नाही ना ते बघावे. घरट्यात पिले असतील आणि गाडीवाचून अडत नसेल, तर त्यांना उडू द्यावे. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न असतो.

आणि ज्यांची मुले-मुली विज्ञान शाखेत आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे. विमानात बसायचे म्हणजे वैमानिकच व्हावे लागते असे नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय असतील तर विमान देखभाल अभियंत्याचे शिक्षण घेता येते. परवाना केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. फी भरण्यापूर्वी संस्था महासंचालनालयाने मान्य केलेली आहे का, हे मात्र तपासून घ्यावे. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून टोपी निघाली का, झाकण लागले का, हे पाहून सही करणारा हात उद्या आपल्या पेठेतल्या मुलीचा असावा, असे आम्हाला वाटते.