कुलूप पडद्याला, दार मात्र उघडे

लिनक्सवर पडदा कुलूपबंद केला की संगणक सुरक्षित झाला, असा समज असतो. वस्तुतः ते कुलूप केवळ डेस्कटॉपपुरते असते. पहिल्या टर्मिनलवर लॉग-इन करून 'स्टार्टएक्स' आज्ञेने डेस्कटॉप दुसऱ्या टर्मिनलवर उघडला असेल, तर कंट्रोल, ऑल्ट व एफ-१ या कळा एकत्र दाबून कोणीही मूळ टर्मिनल गाठू शकतो. तेथे कंट्रोल-सी दाबताच डेस्कटॉप कुलपासह संपतो आणि धन्याच्या नावाने चालू असलेले शेल हाती लागते. पासवर्ड कोणी विचारीतच नाही. उपाय एका शब्दाचा आहे : 'एक्झेक स्टार्टएक्स' अशी आज्ञा द्यावी, म्हणजे डेस्कटॉपबरोबर लॉग-इनही संपते. कन्सोलवरच काम करणाऱ्यांसाठी 'व्हीलॉक' आहे. त्याचा 'ऑल' पर्याय टर्मिनल बदलूच देत नाही.