विंचू उतरला, की उतरवला?

विंचू चावला की गावात पहिला प्रश्न काय निघतो? "उतरवणारा घरी आहे का बघा!" असा एखादा माणूस बहुतेक गावांत असतो. कोणी मंत्र घालतो. कोणी मुळी उगाळून लावतो. कोणी निंबाच्या डहाळीने झाडतो. काही तासांत ठणका कमी होतो. माणूस उठून बसतो, चहा मागतो. उतरवणाऱ्याला नारळ मिळतो. सगळे म्हणतात, "गुण आला!"

हा गुण कोणाचा, ते आपण जरा नीट पाहू.

आपल्याकडे नेहमी दिसणारे विंचू दोन. एक मोठा काळा. त्याचे पुढचे चिमटे जाडजूड असतात. त्याला पाहूनच माणूस घाबरतो. दुसरा लहान, तांबूस. त्याचे चिमटे बारीक, पण शेपटी जाड. त्याला लाल विंचू म्हणतात. काळा विंचू चावला तर आग होते, माणूस ओरडतो, रात्रभर झोपत नाही. पण त्याने सहसा कोणी मरत नाही. तो ठणका आपोआपच उतरतो. मंत्र घातला तरी उतरतो, न घातला तरी उतरतो. लाल विंचवानेही पुष्कळांना नुसता ठणकाच लागतो. म्हणून उतरवणाऱ्याला यश येते. तो लबाड असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याचा स्वतःचाही विश्वास असतो.

पण लाल विंचवाचे विष कधी कधी अंगात भिनते. मग गोष्ट वेगळी होते.

१९८० साली आम्ही नवीन शिक्षक होतो. गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. आता त्याला रायगड म्हणतात. आमच्या चौथीतला एक मुलगा संध्याकाळी गोवऱ्या काढायला गेला आणि त्याच्या बोटाला विंचू चावला. लोकांनी त्याला उतरवणाऱ्याकडे नेले. आम्हीही बरोबर होतो. मुलगा थोड्या वेळाने रडायचा थांबला. सगळे म्हणाले, "उतरला." आम्हीही तेच म्हणालो. पण त्याचे अंग घामाने भिजले होते, आणि हातपाय गार पडले होते. दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटले, विष बाहेर पडते आहे. मध्यरात्री त्याला धाप लागली. तोंडाला फेस आला. पहाटे तो गेला. त्या वेळी पुढे सांगितलेली गोळी विंचवावर द्यायला सुरुवात झालेली नव्हती. दवाखान्यात नेले असते तर नक्की वाचला असता, असे म्हणवत नाही. पण आम्ही नेले नाही, हे खरे.

त्याला झाले काय? शेतातला पंप चालू आहे आणि कोणी नळीवर पाय दिला, असे समजा. पाणी पुढे जात नाही. पंप घरघरतो, तापतो. लाल विंचवाच्या विषाने अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या अशाच आवळतात. म्हणून हातपाय गार पडतात. काळजाला रक्त ढकलताना जोर लावावा लागतो. शेवटी ते थकते. मग फुप्फुसात पाणी साचते आणि माणसाला श्वास पुरत नाही. ठणका थांबला म्हणजे विष उतरले, असे नव्हे. गार घाम सुटला, उलटी झाली, लाळ गळू लागली, की धोका समजावा. मुलाच्या किंवा पुरुषाच्या इंद्रियाला ताठरपणा येतो, तेही याच विषाचे लक्षण. ते डॉक्टरला सांगायला लाजू नये.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरचे. १९७६ साली ते महाड तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. तिथे विंचवाचे रोगी फार येत. डॉक्टर त्यांच्या खाटेजवळ बसून राहत. घाम कधी सुटला, रक्तदाब किती चढला, धाप कधी लागली, हे सगळे टिपून ठेवत. पुढे १९८३-८४ च्या सुमारास त्यांनी प्राझोसिन नावाची गोळी देऊन पाहिली. ही गोळी मुळात रक्तदाबाची. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. म्हणजे नळीवरचा पाय काढते, बरं का! त्याआधी विष भिनलेल्या शंभर रोग्यांत २५ ते ३० दगावत. गोळी आल्यावर शंभरात एखादाच दगावू लागला. २०२२ साली सरकारने डॉक्टरांना पद्मश्री दिली.

इथे एक वाद आहे. सापावर जशी लस असते तशी विंचवावरही निघाली. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात आणि मग त्याच्या रक्तातून ती तयार करतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये ती बनली. पण काही डॉक्टर म्हणू लागले, रोगी येईपर्यंत विषाने आपले काम केलेले असते, आता लस कशाला? दुसरे म्हणत, अंगात उरलेले विष तरी ती मारील.

असा वाद मिटवायचा कसा? शेतकरी काय करतो? नवे बियाणे आले तर एका वाफ्यात जुने पेरतो, शेजारच्या वाफ्यात नवे. खत तेच, पाणी तेच. मग मोजतो. डॉक्टरांनीही तेच केले. आफ्रिका खंडातल्या ट्युनिशिया देशात ८२५ रोग्यांवर पाहिले. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसते पाणी. १९९९ साली निकाल छापला : फरक नाही! पण त्यांत हलक्या दंशाचे रोगी पुष्कळ होते. जो आपोआप बरा होणार, त्याच्यात औषधाचा फरक दिसणार कसा? उतरवणाऱ्याची गोष्ट पुन्हा आलीच की. अमेरिकेत अॅरिझोना भागात विष भिनलेली फक्त १५ मुले घेतली. तो निकाल २००९ चा. लस दिलेली आठही मुले चार तासांत बरी झाली. न दिलेल्या सातांत एकच. दोन्ही ठिकाणचे विंचू मात्र आपल्या लाल विंचवाहून निराळ्या जातीचे.

मग महाडलाच पाहिले. रोगी ७०. गोळी सर्वांना दिली. लस कोणाला द्यायची, हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही, नशिबावर सोडले. ३५ जणांना लस मिळाली. दहा तासांत त्यांतले ३२ पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी त्या वेळात ८ जण बरे झाले. २०११ साली हे छापून आले. आमच्या मते आपल्याकडचा वाद इथे पुष्कळसा मिटला. लस असेल तर गोळी आणि लस दोन्ही. लस नसेल तर तिच्यासाठी खोळंबायचे नाही, गोळी लगेच सुरू करायची. ती डॉक्टरांनीच द्यायची. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून रोग्याला निजवून ठेवतात आणि घडोघडी तपासतात.

चावलेल्या जागी ब्लेड मारू नका, तोंडाने चोखू नका, दोरी आवळू नका. मुलाला चालवू नका, उचलून न्या. १०८ नंबरला फोन केला तर गाडी येते. तिला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखान्यात जा. घरच्या म्हाताऱ्यांनी उतरवणाऱ्याचा हट्ट धरला तर वाद घालत बसू नका. त्यालाही गाडीत घ्या. मंत्र वाटेत म्हणू द्या.

निघताना एका चिठ्ठीवर विंचू चावल्याची वेळ लिहा. पहिली उलटी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, तेही लिहा. घाईत माणूस विसरतो. आणि डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.