पडद्यावरील वीर आणि चष्म्यांतला खलपुरुष

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः रचलेलें एक नाटुकलें सादर केलें. एक दुष्ट शास्त्रज्ञ यंत्रमानव निर्माण करून नगराचा नाश करूं पाहतो व एक शूर मुलगा त्याचें पारिपत्य करतो, एवढेंच त्याचें कथानक. शास्त्रज्ञाची भूमिका कोणास द्यावी याविषयीं मुलांत क्षणभरहि वाद झाला नाहीं. वर्गांत नेहमीं पहिला येणारा, चष्मा लावणारा जो मुलगा, त्याच्याकडे सर्वांचीं बोटें वळलीं. त्यानें भूमिका उत्तम वठविली. टाळ्याहि पुष्कळ पडल्या. परंतु त्यानंतर तो वर्गांत हात वर करीनासा झाला. मधल्या सुटींत त्यास 'डॉक्टर' म्हणून चिडविण्यांत येत असे, हें आम्हांस मागाहून कळलें. पूर्वींच कळावयास हवें होतें.

हें कथानक कोठून घेतलें, असें विचारतां मुलांनीं निःसंकोचपणें सांगितलें कीं, "सर, गेममध्यें असेंच असतें." तें खरें कीं काय याचा शोध घ्यावा असें आमच्या मनानें घेतलें, आणि कॉलेजांत शिकणाऱ्या आमच्या पुतण्यास गुरु करून आम्हीं उन्हाळ्याच्या सुटींत हें नवें वाङ्मय यथाशक्ति चाळलें. (वाङ्मय हा शब्द वाचून कांहीं पालक हंसतील, हंसोत बापडे.)

मुलांचें म्हणणें बव्हंशीं खरें निघालें. १९८७ सालीं जपानांत निघालेल्या 'मेगा मॅन' या खेळांत डॉ. वायली नांवाचा शास्त्रज्ञ उद्योगधंद्यासाठीं बनविलेले यंत्रमानव आपल्या कह्यांत घेऊन जग जिंकूं पाहतो. त्यांत डॉ. लाइट हा सज्जन शास्त्रज्ञहि आहे खरा. पण लढावयास जातो तो त्यानें घडविलेला यंत्रवीर. १९९१ सालच्या 'सॉनिक'मध्यें डॉ. रोबॉटनिक गरीब प्राण्यांस यंत्रांत कोंडतो, व निळ्या रंगाचा एक चपळ, काटेरी प्राणी त्यांची सुटका करतो.

असें कां व्हावें? आमच्या मतें याचें मूळ विद्येच्या द्वेषांत नसून खेळाच्या घडणींत आहे. अशा खेळांत खेळणाराच्या हातीं मुख्यतः धांवणें, उडी मारणें व प्रहार करणें एवढ्याच क्रिया असतात. त्याला अडथळे हवेत. अडथळे म्हणजे सापळे, फिरतीं चक्रें, तोफा. आणि इतकीं यंत्रें कोणीतरी बांधलेलीं असलीं पाहिजेत. मग बांधणारा तो शत्रु व मोडणारा तो वीर, ही वांटणी ओघानेंच येते. शिवाय धैर्य पडद्यावर दाखवितां येतें. विचार कसा दाखवावा? विचार करणारा मनुष्य पाहणारास नुसता उभा असलेला दिसतो.

याचा सर्वांत नवलाचा मासला म्हणजे १९९८ सालचा 'हाफ-लाइफ' हा खेळ. त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन हा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, सैद्धांतिक पदार्थविज्ञानांतील डॉक्टर. आम्हांस मोठी आशा वाटली! पण प्रयोगशाळेंत अनर्थ घडतांच या पंडिताच्या हातीं येते ती पहार. संपूर्ण खेळांत तो एक शब्दहि बोलत नाहीं. त्याचे सहाध्यायी थरथर कांपतात आणि बंद दारें उघडून देण्याच्या उपयोगीं पडतात. डॉक्टर ही पदवी येथें केवळ कोटाप्रमाणें अंगावर घातलेली आहे.

आणि गंमत अशी कीं, खेळणारा मुलगा मात्र डोकें चालवीत असतो. बलाढ्य शत्रु कोणत्या क्रमानें हल्ला करतो हें तो पाहतो, तर्क बांधतो, तर्क चुकला कीं हरतो, नवा तर्क बांधून पुन्हां पाहतो. प्रयोगशाळेंत आम्ही याहून निराळें काय शिकवितों? परंतु विजय मिळाल्यावर कथा त्याला सांगते कीं, तूं शूर होतास म्हणून जिंकलास.

नीतीचाहि असाच संकोच होतो. 'मास इफेक्ट' या २००७ सालीं सुरू झालेल्या खेळांत नायकाच्या वर्तनावरून सौजन्याचे व कठोरपणाचे गुण मोजले जातात. त्याच्या दुसऱ्या भागांत हे गुण पुरेसे सांठले तरच कांहीं मन वळविणारीं वाक्यें बोलतां येतात. म्हणजे समोरच्याचें मन वळतें तें युक्तिवादाच्या बळावर नव्हे, तर पुण्यसंचयाच्या! तरीहि याच खेळांत मॉर्डिन सोलस नांवाचा शास्त्रज्ञ आम्हांस भेटला, व त्यानें आमची पुष्कळ समजूत पालटली. क्रोगन नामक लढवय्या जातीची संतति कमी व्हावी म्हणून पूर्वीं सोडलेल्या रोगाचा जोर ओसरूं लागला, तेव्हां त्यानें तो पुन्हां वाढविण्याच्या कामीं हात दिला. २०१० सालच्या भागांत तो आपलें गणित बिनचूक मांडतो. पण त्या गणितानें त्याची झोंप उडाली आहे हें लपत नाहीं. २०१२ सालच्या भागांत आपलें मत फिरवून तो उपाय शोधतो, आणि खेळणारानें अडविलें नाहीं तर तो सर्वत्र पोहोंचविण्यासाठीं प्राण देतो. येथें पश्चात्ताप विद्येचा नाहीं. विद्येनें केलेली चूक विद्येनेंच निस्तरावी लागते, दुसऱ्या कोणास ती निस्तरतांच येत नाहीं.

आम्हां ख्रिस्ती मंडळींतहि फार शिकलेल्याकडे संशयानें पाहणारे कांहीं आहेत. दानीएल बाबेलांत खास्द्यांची विद्या शिकला, आणि प्रभूनें प्रीतीच्या आज्ञेंत मनाचाहि समावेश केला, हें त्यांस कोणी तरी आठवून द्यावें.

२०१८ सालीं ल्यूकस पोप यांनीं केलेल्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' या खेळांत तर प्रहार करावयाचाच नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक १८०७ सालीं परत आलेल्या एका निर्मनुष्य गलबतावर चढतो. साठ माणसांचीं नांवें व त्यांची गति त्यास ठरवावयाची असते: कोणाच्या बोलण्याच्या ढबीवरून, कोणाच्या झोळीच्या क्रमांकावरून. तीन निर्णय बरोबर ठरले कीं वही ते मान्य करते. नुसत्या अंदाजांनीं वही भरूं पाहणारा लवकरच थकतो.

पालकांस एक सूचना: 'हाफ-लाइफ', 'मास इफेक्ट' व हा शेवटचा, हे तीनहि खेळ रक्तपातामुळें मोठ्यांसाठींच आहेत. त्यामुळें आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं गलबताची नुसती हकीगत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग झोळ्यांच्या क्रमांकांविषयीं त्यानें तीन प्रश्न विचारले, त्यांपैकीं दोहोंचीं उत्तरें आम्हांस देतां आलीं नाहींत. यंदाचें नाटुकलें तोच लिहीत आहे. खलपुरुष कोण, हें अद्याप ठरलेलें नाहीं.