अयान, रय्यान, रेहान, झयान : कानाला सारखी, अर्थाने वेगळी

आपल्या भागातल्या कुठल्याही शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाची हजेरी ऐका. एक अयान, दुसरा अयान, मग रय्यान, रेहान, झयान, अरहान. टीचरनी "रय्यान" म्हटलं की कधीकधी रेहानही उभा राहतो. याच मुलांच्या वडिलांची नावं विचारली तर सलीम, रफिक, नासीर, शब्बीर अशी मिळतात. आजोबांकडे गेलं तर दस्तगीर, मेहबूब, इमाम, रमजान. तीन पिढ्यांत नावांचा सूरच बदलला. असं का होतं, आणि ही सारखी वाटणारी नावं खरंच सारखी आहेत का, हे आज पाहू. घरात बाळ येणार असेल तर अकीक्याच्या आधीच वाचून घ्या. नाव बहुतेक घरांत सातव्या दिवसापर्यंत ठरतं आणि घाई तिथेच होते.

आधी जुन्या नावांबद्दल. आजोबांच्या काळात नाव शोधायला कोणी बसत नव्हतं. मूल रमजान महिन्यात झालं तर रमजान, शाबानमध्ये झालं तर शाबान. सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे दस्तगीर आणि मेहबूब घरोघर सापडतात, कारण दस्तगीर आणि मेहबूब-ए-सुबहानी हे दोन्ही हजरत शेख अब्दुल कादिर जिलानी यांचे लकब आहेत. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज यांच्यावरून बंदेनवाज, आळंदच्या दर्ग्यावरून लाडले मशाक. म्हणजे नाव ऐकलं की त्या घराची श्रद्धा कुठे जोडलेली आहे ते कळायचं. ही नावं अर्थाने कमी पडली म्हणून गेली नाहीत. ती "म्हाताऱ्या माणसाची" वाटू लागली म्हणून गेली. जे नाव आपण फक्त आजोबा आणि चाचांच्या तोंडावर पाहिलेलं असतं, ते पाळण्यातल्या बाळाला शोभत नाही असं नव्या आईबापांना वाटतं. उद्या अयान चाचा आणि रय्यान दादा झाले की याच नावांचंही तेच होईल.

वडिलांच्या पिढीला सलीम, रफिक, नासीर ही नावं मिळाली तेव्हा रेडिओ आणि सिनेमा घरात आला होता. 'मुघल-ए-आझम' १९६० साली आला आणि शहजादा सलीम सगळ्यांच्या ओळखीचा झाला. पुढे १९८९ मध्ये 'मैने प्यार किया' लागला आणि सलमान हे नाव प्रत्येकाच्या तोंडी गेलं. नाव हजरत सलमान फारसी (रजि.) यांचं, पण गल्लीत ते ओळखलं जाऊ लागलं पडद्यावरून. यात लाजण्यासारखं काही नाही. ओळखीचं आणि दिनाच्या दृष्टीने चांगलं, अशा दोन्ही कसोट्यांवर नाव उतरलं की ते पसरतं.

मग आताच 'आन'चा सूर का? आमच्या मते कारण साधं आहे. आईबापांना वेगळं नाव हवं असतं, पण फार वेगळं नको असतं. नणंदेच्या मुलाचं नाव रेहान आहे, म्हणून आपला रय्यान. थोरला अयान आहे, म्हणून धाकट्याला जुळणारं झयान. प्रत्येक घर आपापल्या परीने वेगळेपणा शोधतं आणि सगळी घरं एकाच गल्लीत येऊन थांबतात. शिवाय ही नावं छोटी आहेत, इंग्रजीत चार-पाच अक्षरांत बसतात, आणि घशातले 'खे', 'गैन', 'काफ' त्यांत नसल्यामुळे टीचर, डॉक्टर, बँकेतला क्लार्क कोणाचीच जीभ अडखळत नाही. गयासुद्दीन किंवा जुल्फिकारला रोज स्वतःचं नाव दुरुस्त करून सांगावं लागतं.

आणखी एक कारण आहे, जे सांगताना लोक आवाज खाली करतात. भाड्याने घर बघताना, नोकरीचा अर्ज भरताना नावावरून लगेच ओळखू येऊ नये, असं काही आईबापांना वाटतं. अयान आज इतर समाजांतही ठेवलं जातं. समीर तर आधीपासून दोन्हीकडचा आहे, संस्कृतात वारा आणि अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. अरहम जैन घरांतही सापडतो, तिथे तो 'अर्हम्' असतो. ही काळजी आम्ही खोटी म्हणणार नाही. पण पुढे आडनाव मुजावर, मुलाणी किंवा तांबोळी असेल तर अयानने काय लपणार, हेही खरं.

आता मुख्य मुद्दा. देवनागरीत किंवा इंग्रजीत ही नावं भावंडं वाटतात. उर्दूत लिहायला बसलं की प्रत्येकाचं घराणं वेगळं निघतं.

रेहान हा मूळचा 'रैहान', मधे बडी हे असलेला. अर्थ सुगंधी वनस्पती. कुरआनमध्ये सूरह रहमान आणि सूरह वाकिआमध्ये हा शब्द आला आहे. ही वनस्पती आपल्या स्वयंपाकघरातही आहे. इफ्तारच्या शरबतात आणि फालुद्यात जो सब्जा टाकतो, त्यालाच हकीम लोक तुख्म-ए-रैहान म्हणतात, म्हणजे रैहानचं बी.

रय्यानचा या वनस्पतीशी काही संबंध नाही. त्याचं मूळ तहान भागण्याशी आहे : तृप्त, पाणी पिऊन भरलेला. सहीह बुखारी आणि मुस्लिममधल्या हदीसनुसार जन्नतच्या एका दरवाजाचं नाव 'रय्यान' आहे आणि त्यातून रोजेदार आत जातील. ज्यांनी अल्लाहसाठी तहान सोसली त्यांच्या दरवाजाचं नाव तृप्ती, इतका सुंदर अर्थ या चार नावांत दुसऱ्या कुणाचा नाही. एक अडचण मात्र आहे. इंग्रजीत एक 'वाय' कमी पडला की शाळेत त्याचा 'रायन' होतो, आणि ते आयर्लंडकडचं वेगळंच नाव आहे.

अयानबाबत सगळ्यात जास्त गोंधळ आहे. मोबाईलवर शोधलं की "अल्लाहची देणगी" असा अर्थ येतो आणि लोक तोच अकीक्याच्या पत्रिकेवर छापतात. पण देणगीला अरबीत 'अता' आणि 'हिबा' असे शब्द आहेत, म्हणूनच अताउल्लाह, हिबतुल्लाह ही नावं झाली. अयानमध्ये देणगी कुठून आली ते सापडत नाही. हे नाव ऐन अक्षराने लिहिलं तर दोन अर्थ निघतात. उर्दूत 'अयाँ' म्हणजे स्पष्ट, डोळ्यांसमोर असलेलं. अरबी 'आयान' म्हणजे प्रतिष्ठित, मान्यवर लोक. दोन्ही चांगले. पण तेच नाव अलिफने लिहिलं तर 'अय्यान' होतं, आणि अरबीत त्याचा अर्थ फक्त "केव्हा?" असा प्रश्न आहे. सूरह जारियातमध्ये न मानणारे "न्यायाचा दिवस केव्हा?" असं विचारतात, तिथे हाच शब्द आहे. वाईट नाही, पण मुलाला "केव्हा" म्हणून हाक मारायची कुणाची इच्छा नसावी. अयान ठेवायचं असेल तर ऐनने ठेवा.

झयानमध्ये तर एका मात्रेचा खेळ आहे. 'जैन' म्हणजे शोभा, त्यावरून झय्यान, शोभा आणणारा. पण उर्दू-फारसीत 'जियाँ' म्हणजे तोटा, नुकसान. उर्दू लिपीत मात्रा न देता दोन्ही शब्द अगदी सारखे लिहिले जातात. म्हणून नावाचा उच्चार घरात पहिल्या दिवसापासून 'झय्यान' असाच रुळवा. लाडाने 'जियान' करू नका.

असाच प्रकार अलीमचा. ऐनचा अलीम म्हणजे मोठा जाणकार, अलिफचा अलीम म्हणजे वेदना देणारा. कुरआनमध्ये 'अजाब'बरोबर येतो तो दुसरा. मराठीत दोघेही 'अलीम'. आपली देवनागरी सोयीची आहे, पण ऐन-अलिफ, बडी हे-छोटी हे हा फरक ती दाखवत नाही. म्हणून नाव ठरवताना ते एकदा उर्दूत कागदावर लिहून मशिदीतल्या इमामसाहेबांना किंवा घरातल्या जाणत्या माणसाला दाखवावं. दहा मिनिटांचं काम आहे.

"अर्थाने काय फरक पडतो, मूल चांगलं निघालं म्हणजे झालं," असं म्हणणारेही भेटतात. सहीह बुखारीत एक घटना आहे. हजन नावाचे एक गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. हजन म्हणजे खडबडीत, कठीण. प्रेषितांनी (स.) त्यांना सहल, म्हणजे सोपा, हे नाव सुचवलं. त्यांनी वडिलांनी ठेवलेलं नाव बदलायला नकार दिला. त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब पुढे सांगत की तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात राहिलाच. अल्लाहला सर्वांत प्रिय नावं अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान आहेत, अशीही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आपण ही नावं ठेवतो आणि नंतर कापतो. अब्दुस्समदचा नुसता 'समद' होतो, किंवा शाळेत नुसता 'अब्दुल' उरतो, ज्याचा अर्थ "...चा बंदा" एवढाच, वाक्य अर्धवट.

राहिलं स्पेलिंग. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली जन्मलेल्या मुलग्यांमध्ये 'मुहम्मद' पहिल्या क्रमांकावर आलं, ४,६६१ बाळांना हे नाव मिळालं. तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, आणि या नावाची आणखी दोन स्पेलिंग पहिल्या शंभरात होती. आपल्याकडे तर एकाच घरात महंमद, मोहम्मद, मुहम्मद आणि 'मो.' असे चार प्रकार निघतात. पूर्वी चालून जायचं. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तिथे 'मोहम्मद अयान', आधारवर 'मो. अयान' आणि शाळेत 'शेख अयान शेख सलीम' असं झालं, तर हजला किंवा आखातात नोकरीला निघताना पासपोर्टच्या रांगेत ते उलगडत बसावं लागतं.

घाई करायची गरज नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नावाची जागा रिकामी ठेवता येते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा नाव घातलं की बदलणं अवघड जातं. म्हणून अर्ज देताना नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही तुम्हीच मोठ्या अक्षरांत लिहून द्या. दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी वाचा : रय्यानमध्ये 'वाय' दोन आहेत ना, आणि मोहम्मद पूर्ण लिहिलंय की 'मो.' केलंय.